पेंड न घातलेली ओळ

आप्पा, तुमच्या हृदयात जी सिरिंज रिकामी केली, तिच्यात पेशी नव्हत्या. सिरम होतं, तुमच्याच रक्तातलं, पिवळसर, स्वच्छ. पण ज्यांच्यासाठी तुम्ही कमरेच्या हाडात ती जाडजूड सुई टोचून घेतलीत, त्या पेशी त्यात नव्हत्या. ती सिरिंज मी भरली होती. माझ्या हाताने भरली, चंदेरी कागदात गुंडाळली आणि डब्यात घालून वर पाठवली. एवढं सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि सांगतेय तेही तुम्ही नसताना. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आता कशाला? आधी कुठे होतीस?" कुठे असणार? तुमच्यासमोरच होते. तुमच्या ताटात भात वाढत होते, तुम्हाला मीठ कमी घाला म्हणून ओरडत होते, आणि मूग गिळून बसले होते.

आत्ता मी वसईला, सांडोरच्या आपल्या घरी मागच्या ओट्यावर बसलेय. जेवणं झाली आहेत. आई आत आडवी झालीय, तिच्या डोक्यावरचा पंखा खटखट करतोय. तुम्ही करतो करतो म्हणून दुरुस्त न केलेला तोच पंखा, अजून तसाच वाजतो आणि आई कुणाला हात लावू देत नाही. समोर राजेळी केळीची एक ओळ उरलीय. बाकीच्या जागेवर भाऊबंदांच्या इमारतीची भिंत आहे आणि बावखलाचं, आपल्या वाडीतल्या तळ्याचं पाणी, जे तुम्ही ओंजळीने प्यायचात, त्यावर हिरवा गालिचा पसरलाय. मी रविवारी येते, आईची औषधं भरते, दोन तास बसते आणि जाते. आज कागद घेऊन बसले, कारण परवा लॅबमध्ये एक काम करून आले. ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही, मला माहीत आहे तुमचा स्वभाव.

तुमचा स्वभाव मला कळला तो आठवीत असताना. वसईत नुकत्याच चार-चार मजली इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या आणि नवीन राहायला आलेली माणसं आपल्या वाडीच्या कुंपणाशी उभी राहून "ही केळी कसली वाळत घातलीत हो?" असं विचारायची. तुम्ही हातातलं काम टाकून त्यांना सगळं साग्रसंगीत सांगायचात. राजेळी झाडावर जून झाली की उतरवायची, पेंढ्यात घालून पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात पसरायची. दिवसातून एकदा उलटायची आणि दव पडायच्या आत गोळा करून घरात आणायची. सहा-सात कडक उन्हं खाऊन ती मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच वाळक्या सोपटात गुंडाळून पुडे बांधायचे. झाली सुकेळी. त्या वर्षी तुम्ही दोन दिवस लग्नाला गेला होतात आणि मांडव माझ्यावर सोपवला होतात. नेमकं मळभ आलं. एका बाजूची सुकेळी ओलसर राहिली, बोटाला चिकटायला लागली. मी काय शहाणपणा केला? चुलीवर पत्रा ठेवला आणि ती मंद आचेवर सुकवली. अशी झकास रंगली म्हणून सांगू! मग उन्हातल्या सुकेळीत ती मिसळली, एकसारखे पुडे बांधले आणि ओळीने फळीवर मांडून ठेवले. तुम्ही शाबासकी द्याल म्हणून दारात वाट बघत बसले होते.

तुम्ही एक पुडा उचललात, नाकाशी नेलात आणि त्याचं सोपट सोडलंत. मग दुसरा. मग मला म्हणालात, "सगळे सोड." मी एकेक सोपट सोडते आहे आणि तुम्ही समोर पाटावर बसून बघताय. आई स्वयंपाकघरातून म्हणतेय, "पोर आहे, जाऊ द्या ना." सगळी सुकेळी, उन्हातली आणि चुलीवरची, तुम्ही टोपलीत भरून म्हशीपुढे ओतलीत. मी रडत रडत म्हटलं, "खायला चांगली होती ती! कोणाला कळणार होतं?" तुम्ही म्हणालात, "कोणाला कळणार नव्हतं म्हणूनच. कळणाऱ्याला कोण फसवायला जातंय?" तुमची बोली मी इथे उतरवत नाही, आप्पा. ती कागदावर घेतली की नाटकातल्यासारखी वाटते आणि तुमचा आवाज हरवतो. पण ते तुम्ही ज्या थंडपणे म्हणालात ना, त्याने माझी झोप उडाली होती. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही पण बोलला नाहीत.

पुढे मी मायक्रोबायॉलॉजी केलं, मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले, लग्न झालं, मीरा रोडला गेले. तुम्ही इथे केळीची लोंगरं, अख्खे घड, उतरवत राहिलात. ते दोन हजार सालानंतरचं, जेव्हा पेपरात रोज स्टेम सेलचं काहीतरी यायचं आणि लोक आम्हाला असं बघायचे जणू आम्ही तळघरात माणसं उगवतोय. आमच्या लॅबमध्ये त्यावरच काम चालू झालं होतं. आणि तुम्हाला झटका आला. डोक्यावर लोंगर होतं, ते तुम्ही आधी नीट खाली ठेवलंत आणि मग त्याच्या शेजारी बसलात, असं आई सांगते. दुखत असताना दोन तास तुम्ही ओवा खाऊन काढलेत. ओवा! हॉस्पिटलात पोचेपर्यंत व्हायचं ते नुकसान झालं होतं. नळी उघडली, स्टेंट बसला, जीव वाचला, पण इको केल्यावर डॉक्टर म्हणाले की हृदयाचा पुढचा भाग मेलाय, पंपिंग फार कमी झालंय. तुम्ही मला विचारलंत, "मी जिता आणि मांस मेलेलं, हे कसं काय?" मी सांगितलं की हृदयाचं मांस एकदा मेलं की परत येत नाही, तिथे नुसता वण राहतो. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "केळ बुंध्यातून कापली तरी खालच्या कांद्यातून पिलं फुटतात. काळजाला कांदा नाही काय गं?" मी म्हटलं, "तोच शोधतोय आम्ही, आप्पा. हाडातल्या मगजात असतो का बघतोय."

असं बोलायला नको होतं मी. तुमचे डोळे लगेच चमकले. आमच्याकडे तेव्हा चाचणी सुरू होती. झटका आलेल्या माणसाच्या कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या हव्या त्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी पायातून नळी घालून त्याच्याच हृदयात सोडायच्या. मांस पुन्हा धरतं का बघायचं. पण सगळ्यांना पेशी नाहीत. चिठ्ठी निघेल तसं, काहींना पेशी आणि काहींना नुसतं सिरम. कोणाला काय मिळालं ते ना पेशंटला कळणार, ना नळी घालणाऱ्या डॉक्टरांना. फॉर्म मराठीत होता, पण असलं मराठी की वाचून तुम्ही म्हणालात, "हे कोणत्या गावचं?" मी समजावून सांगितलं तर झटकन समजलात. आमचे शिकाऊ डॉक्टर ज्याच्यावर आठवडाभर डोकं फोडतात ते तुम्ही अर्ध्या मिनिटात समजलात. म्हणालात, "म्हणजे मी खताला नवीन पेंड आणली की एका ओळीला घालतो आणि शेजारची ओळ तशीच ठेवतो, तसंच की! पाणी घालणाऱ्या गड्यालाही सांगत नाही कोणती कुठली, नाहीतर तो पेंडीच्या ओळीचे जास्त लाड करतो." मी हसले. मग तुम्ही विचारलंत, "मी पेंड न घातलेल्या ओळीत आलो तर?" मी म्हटलं, "तर तुमच्यामुळे पुढच्या लोकांना कळेल, याचा उपयोग होतो की नाही." "पुढच्या लोकांना. बरं," म्हणालात आणि चष्मा पुसत बसलात.

अडचण एकच होती. लॅबमध्ये काम करणाऱ्यांच्या नातेवाइकांना या चाचणीत घ्यायचं नाही, असा नियम होता. आणि तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण लग्नात माझं नावही बदललं होतं, आडनाव तर बदललंच होतं. कागदावर तुमचा माझा काही संबंध उरला नव्हता. नाव बदलायच्या वेळी तुम्हीच नाक मुरडलं होतंत, "पहिलं काय वाईट होतं?" म्हणून. आता तेच कामी आलं. मी तुम्हाला सांगितलं की तिथे मला ओळख दाखवायची नाही. तुम्ही फॉर्म उलटापालटा करून बघितलात. मग म्हणालात, "ही त्या सुकेळीसारखी मिसळच झाली की नाही?" मी चिडले. म्हटलं, "आप्पा, जगायचंय की सुकेळी विकायचीय?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तसं तुम्ही आधी कधी बघितलं नव्हतंत. "जगायचंय गं मला," म्हणालात. "अजून राहायचंय मला." आणि सही केलीत, पूर्ण नाव, वळणदार, शाळेत गिरवल्यासारखी.

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सकाळी तुम्ही कुशीवर झोपलेले, कमरेला हिरवं कापड, आणि मी हातमोजे घालून डोक्याशी नळ्या घेऊन उभी. भूल दिली तरी मगज ओढताना आतून कळ येते, मोठेमोठे लोक ओरडतात. तुम्ही ओठ दाबून पडलाय. शिकाऊ डॉक्टर मुलगा म्हणतोय, "काका, झालंच हं." नळी घेताना माझा हात तुमच्या हाताला लागला तर तुम्ही म्हणता, "मॅडम, हात फार गार आहेत हो तुमचे. जेवलात का?" अहो-जाहो करत होतात मला! तो मुलगा हसला, म्हणाला, "काका, स्वतःचं बघा आधी." मी मान खाली घालून नळ्यांवर तुमचा नंबर लिहिला. नाव लिहायचं नव्हतं, नुसता नंबर. पलीकडच्या वाडीतले अंकल, तुमचे जन्माचे दोस्त, त्या दिवशी तुमच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थनेची मिस्सा सांगायला गेले होते आणि आई घरी देवापुढे बसली होती. तुमच्यासाठी कोण काय करत नव्हतं! आणि तुमचा मगज घेऊन मी जिना उतरून लॅबमध्ये गेले.

यंत्रात फिरवून काढल्यावर नळीच्या मधोमध पातळ पांढरट कडं दिसतं, नारळाच्या दुधावर साय धरावी तसं. तेच हवं असतं. ते मी अलगद उचललं, धुतलं, थेंबभर काचेवर घेऊन निळा रंग टाकला. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत असतात त्या चमकत राहतात. तुमच्या चमकत होत्या, आप्पा. एवढं वय, एवढ्या विड्या, तरी इतक्या सुंदर पेशी मी त्या महिन्यात बघितल्या नव्हत्या. मला वेड्यासारखा अभिमान वाटला. मग तुमच्या नंबराचं बंद पाकीट फोडलं. ते फोडायचं काम लॅबचं, म्हणजे माझं. त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आत छापील चिठ्ठी होती. फक्त सिरम.

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. समोर दोन नळ्या होत्या, एका स्टँडमध्ये शेजारी शेजारी. एकीत तुमच्या पेशी, दुसरीत तुमचं सिरम. सिरिंज भरून चंदेरी कागदात गुंडाळली की आत काय आहे हे देवालाही दिसत नव्हतं. त्यासाठीच तर तो कागद होता. वरच्या मजल्यावर तुम्ही टेबलावर होतात, फोन वाजत होता, "मॅडम, तयार झालं का?" मी म्हटलं, "पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांत मी एकदा पेशींच्या नळीला हात लावला. तिची टोपी काढली. परत लावली. आणि सिरम भरलं. पेशी नियमाप्रमाणे गोठवायच्या होत्या, पुढे कधी तपासायला लागल्या तर म्हणून. मी त्या चार कुप्यांमध्ये घातल्या. गोठवताना घालतात त्या द्रावणाला लसणासारखा वास येतो, तो दिवसभर माझ्या हाताला येत राहिला. मनाशी म्हटलं, आप्पांनी हेच शिकवलं. कोणाला कळणार नाही म्हणूनच करायचं नाही. संध्याकाळी तुम्हाला बघायला वॉर्डात आले तर तुम्ही उशीला टेकून बसला होतात आणि शेजारच्या पेशंटला केळीची लागवड समजावत होतात.

घरी सोडलं त्या दिवशी तुम्ही सगळ्या स्टाफसाठी सुकेळीचा एकेक पुडा आणवला होतात. माझा पुडा माझ्या हातात देऊन हळूच म्हणालात, "मी विचारणार नाही. तूही सांगू नको. गड्याला सांगितलं की ओळ बिघडते." मी मान हलवली. जीव भांड्यात पडला माझा. मला वाटलं, चला, यांनीच सोडवलं.

कसलं काय! तुम्हाला बरं वाटायला लागलं. स्टेंटने, गोळ्यांनी, विश्रांतीनेही बरं वाटतं, थोडंफार पंपिंगही सुधारतं, हे मला माहीत होतं. तुम्हाला नव्हतं. तुम्ही आधी बावखलापर्यंत चाललात, मग चर्चपर्यंत, मग एका रविवारी अंकलना घेऊन राजोडीच्या समुद्रापर्यंत जाऊन आलात आणि आल्या आल्या मला फोन केलात, "दम लागला नाही!" मी म्हटलं, "रिक्षाने यायचं ना परत." तुम्ही फोन आईला दिलात. पावसाळा सरला आणि तुम्ही पुन्हा राजेळीला हात घातलात. एका दुपारी मी आले तर तुम्ही खांद्यावर लोंगर घेऊन वाडीतून येताय.  मी जी काय ओरडले! तुम्ही लोंगर ओट्यावर ठेवलंत, छातीवर दोन बोटं टेकवलीत आणि म्हणालात, "अगं, नवीन मांस आहे आता. त्याला कामाची सवय लावायला नको?"

त्या दुपारी जेवताना सांगायला हवं होतं. आईने बोंबलाचं कालवण केलं होतं, तुम्ही मीठ मागत होतात, मी देत नव्हते. आई म्हणाली, "घ्या ना थोडं, आता बरे झालात." मी ताटाकडे बघत बसले. ओठांवर आलं होतं, आप्पा. नवीन मांस वगैरे काही नाही, तुमची ओळ कोरी आहे, अजून तोच मेलेला वण घेऊन फिरताय, गुमान बसा घरात. पण चाचणीचं वर्ष पुरं व्हायला अजून महिने होते, त्याआधी सांगायचं नाही असा नियम. आणि नियम नसता तरी तुमचा तो चेहरा! इतक्या दिवसांनी तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने बघत होतात की मी काहीतरी मोठं केलंय. ती नजर मला सोडवेना. मी मिठाची बरणी उचलून फळीवर उंच ठेवली, एवढंच केलं.

मार्चमध्ये मळभ आलं. आई सांगते, सगळा मांडव सुकेळीने भरलेला होता, पाचवं ऊन चाललं होतं, आणि भर दुपारी अर्नाळ्याच्या बाजूने आभाळ काळं होत आलं. तुम्ही धावलात. आई मागून हाका मारत होती, अंकल कुंपणापलीकडून ओरडत होते, "अरे थांब, मी येतो!" तुम्ही थांबला नाहीत. टोपल्यांवर टोपल्या भरून घरात आणल्यात. शेवटची टोपली उंबऱ्याच्या आत ठेवलीत आणि तिथेच बसलात. त्या दिवशी ओवा खायलाही वेळ मिळाला नाही. मी पोचले तेव्हा तुम्हाला पडवीत ठेवलं होतं आणि घरभर सुकेळीचा गोड वास होता. एकही भिजली नव्हती. पाऊसही चार थेंब पडून गेला होता.

तेराव्याला अंकल मला बाजूला घेऊन गेले, बावखलाच्या पायऱ्यांवर. गळ्यातला क्रॉस बोटांनी फिरवत बसले. म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाचं एक माझ्याजवळ आहे. तो कोणाला सांगू नको म्हणाला होता, पण आता कोणासाठी ठेवू?" मी म्हटलं, सांगा. तुम्ही राजोडीला वाळूत बसून त्यांना म्हणाला होतात, "माझ्या पोरीने मला पेंड न घातलेल्या ओळीत ठेवलेलं नाही. चिठ्ठी काहीही निघू दे, तिने घातलीच असणार. चुकीचं केलं तिने. पण मी काही बोलणार नाही. मागे तिची सुकेळी म्हशीला घातली तेव्हाच जरा जास्त झालं माझं." अंकलनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुला त्याने माफ केलं होतं, बाय. मनात काही ठेवू नको." मी त्यांच्याकडे बघून हसले. खरंच हसले. त्यांना वाटलं मला बरं वाटलं.

माफ केलंत! न केलेल्या गोष्टीसाठी! आप्पा, एवढी वर्षं मी तुमच्यावर याचा राग धरून आहे. तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझ्याबद्दल इतकं वाईट आणि इतकं चांगलं समजायला? मी तुमच्या शिकवणीप्रमाणे वागले म्हणून स्वतःची पाठ थोपटत होते, आणि तुम्ही मात्र मी ती मोडली म्हणून समुद्रावर बसून सुखावला होतात. कधी वाटतं पेशी द्यायला हव्या होत्या. कधी वाटतं निदान जेवताना खरं सांगायला हवं होतं, मग तुम्ही धावला नसतात, भिजली असती सुकेळी तर भिजली असती. दोन्ही केलं नाही. चाचणीचा निकाल लागला तेव्हा दोन्ही ओळींत फार फरक दिसला नव्हता. आमच्या लॅबचे सर म्हणाले, "असं असतं." माझ्या नवऱ्याला तेव्हा मी सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. दिल्या असत्या तरी तेच झालं असतं." त्याचं बरोबर असेल. पण निकाल सगळ्यांचा मिळून असतो. माझा बाप एकच होता.

आणि हेही लिहून टाकते, कारण हे आजवर कोणाला म्हटलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. त्या दिवशी नळीची टोपी काढून परत लावली ना, ती तुमच्या शिकवणीमुळे नाही. ती गोष्ट मी नंतर जोडली. तेव्हा माझ्या मनात सुकेळी नव्हती, म्हैस नव्हती, तुम्ही पाटावर बसलेले नव्हतात. तेव्हा नुसती भीती होती. या पेशींनी हृदयाचा ठोका बिघडला आणि आप्पा टेबलावरच गेले तर ते माझ्या हाताने गेले असं होईल, ही भीती. सिरमने मेलात तर ते नशिबाने, चिठ्ठीने. मला त्यातून हात काढून घ्यायचे होते. म्हणून गार पडले होते ते. तुम्ही सकाळीच ओळखलं होतंत.

परवा सरांनी गोठवलेल्या कुप्यांची जुनी टाकी रिकामी करायला सांगितली. द्रव नायट्रोजनच्या त्या टाकीत लाकडी पट्टी बुडवून पातळी बघायचं काम इतकी वर्षं दर सोमवारी मीच करते. पट्टी बाहेर काढून हवेत हलवली की जिथपर्यंत पांढरं धरतं तिथपर्यंत पातळी. कमी झाली की वरून ओतायचं. तुम्ही गेल्यानंतर एकही सोमवार मी चुकवला नाही, बाळंतपणाच्या रजेतसुद्धा फोन करून विचारायचे. कारण तुमच्या चार कुप्या तळाशी होत्या आणि मला माहीत होतं की बाहेर काढून ऊब दिली तर त्या पेशी आजही चमकतील. तुम्ही इथे पडवीत होतात, मग स्मशानात, मग भिंतीवर हार घातलेल्या फोटोत. आणि तिकडे तळघरात होतात. मी टाकीचं झाकण उघडते तेव्हा वाफ माझ्या तोंडावर येते आणि प्रत्येक वेळी वाटतं, आता म्हणतील, मॅडम, जेवलात का.

मुदत संपली होती, सगळ्या कुप्या नष्ट करायच्या होत्या. यादी घेऊन एकेक नंबर काढला, औषधाच्या पाण्यात टाकला, खूण केली. तुमच्या चारांपैकी तीन टाकल्या. मग खाली सही केली की सर्व नष्ट केल्या, पूर्ण नाव, नवऱ्याकडचं.

आई उठली वाटतं, पंखा बंद झाला. ती विचारेल काय लिहितेस, मी सांगेन औषधांची यादी. हा कागद मी घरी नेईन, कपाटात साड्यांखाली ठेवेन, जिथे तुम्ही तेव्हा दिलेल्या पुड्याचं सोपट आहे, रिकामं. आप्पा, चौथी कुपी मी टाकली नाही. तिच्यावरचा नंबर पुसला आणि नवीन टाकीत दुसऱ्या कुप्यांमध्ये ठेवून आले, कोणाला कळणार नाही अशी.